शुद्धी तपासणीचा निरीक्षण-संच : पॅड घेण्यासारखे, भिंतीवरचा तक्ता टाळण्यासारखा

जळगावच्या सर्जिकल साहित्याच्या दुकानांत गेल्या काही काळापासून एक संच मिळू लागला आहे. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतील रुग्णाच्या नोंदी ठेवण्यासाठी त्यात निरीक्षण-पत्रकांचे छापील पॅड, भिंतीवर लावायचा लॅमिनेट केलेला तक्ता, खिशात मावणारे कार्ड आणि पेनएवढी टॉर्च अशा चार वस्तू आहेत. छापणाऱ्याचे नाव येथे देत नाही. जवळजवळ तोच मजकूर वेगवेगळ्या नावांनी विकला जात असल्यामुळे हे परीक्षण त्या मजकुराचे आहे, असे समजावे. मी परिचर्या शिकवते, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या अतिदक्षता कक्षांत नव्या परिचारिकांना रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून नोंदी घ्यायला शिकवणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे या संचाकडे मी मुख्यतः एकाच प्रश्नाने पाहिले : दुपारपाळीच्या परिचारिकेने लिहिलेले रात्रपाळीच्या परिचारिकेला कोणालाही न विचारता कळते का, आणि तिने स्वतः तपासल्यावर तोच आकडा येतो का?

संपूर्ण संच ज्या मोजपट्टीवर उभा आहे ती ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे आपल्या वॉर्डात ज्याला सगळे नुसते ‘जीसीएस’ म्हणतात ती. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी ती १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली. तोवर ‘गुंगीत आहे’, ‘अर्धवट बेशुद्ध’, ‘खोल कोमा’ असे शब्द प्रत्येक डॉक्टर आपापल्या अर्थाने वापरत असे आणि एकाचे ‘अर्धवट’ हे दुसऱ्याचे ‘खोल’ ठरत असे. या दोघांनी रुग्णाबद्दलचे मत बाजूला ठेवून त्याने प्रत्यक्ष काय केले एवढेच लिहायचे ठरवले : डोळे केव्हा उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो. डोळ्यांना १ ते ४, बोलण्याला १ ते ५ आणि हालचालीला १ ते ६ असे गुण मिळतात. त्यामुळे एकूण आकडा कधीही तीनच्या खाली जात नाही आणि पंधराच्या वर चढत नाही. नातेवाइकांना ‘तीन गुण आहेत’ असे सांगितल्यावर थोडीशी आशा वाटते, म्हणून हे त्यांना समजावून सांगावे लागते की तीन हाच येथील शून्य आहे.

पॅडमधील पत्रक या मूळ कल्पनेशी बऱ्याच अंशी प्रामाणिक आहे, आणि संचातील सर्वांत चांगली वस्तू तीच आहे. डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे स्वतंत्र आडवे पट्टे आहेत, प्रत्येक तासाला उभी रेघ आहे, आणि नोंद आकडा लिहून न करता ठिपका देऊन करायची आहे, म्हणजे चोवीस तासांनंतर ठिपके जोडले की रुग्ण चढतो आहे की उतरतो आहे हे दुरूनही दिसते. एकट्या आकड्यापेक्षा ही चढउतार महत्त्वाची असते. पंधरावरून तेरावर आलेला रुग्ण हा सकाळपासून नऊवर स्थिर असलेल्या रुग्णापेक्षा त्या क्षणी अधिक काळजीचा असू शकतो, कारण पहिल्याच्या डोक्यात रक्त साचत असण्याची शक्यता आहे. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जाणारा महामार्ग ज्यांच्या दारावरून जातो त्या रुग्णालयांना हे वेगळे सांगायला नको. अपघातानंतर स्वतःच्या पायांनी चालत आलेला, पाणी मागणारा दुचाकीस्वार दोन तासांनी जांभया देत झोपी जातो आणि ‘थकलाय बिचारा, झोपू द्या’ असे सोबतचे लोक म्हणतात, तेव्हा त्याला उठवून ठिपका कोठे पडतो ते पाहण्याचे धैर्य हे पत्रक परिचारिकेला देते.

मात्र पत्रकाच्या तळाशी ‘एकूण’ असा जाड चौकोन आहे आणि छपाईत तोच सर्वांत ठळक आहे, हे मला पटलेले नाही. तीन भागांच्या एकूण १२० जुळण्या होऊ शकतात आणि त्या सगळ्या तीन ते पंधरा या तेरा आकड्यांत कोंबल्या जातात. एकूण चार गुण असलेले दोन रुग्ण घेतले, एकाचे डोळे दाब दिल्यावर उघडतात आणि दुसऱ्याचे हात दाब दिल्यावर फक्त ताठ होतात, तर बेरीज सारखी असूनही त्यांच्या मेंदूची अवस्था आणि पुढची आशा सारखी नसते. फोनवरून मोठ्या रुग्णालयातील न्यूरोसर्जनशी बोलताना ‘सात आहे सर’ एवढेच सांगितले जाते ते या ठळक चौकोनामुळेच. ‘डोळे दोन, बोलणे एक, हालचाल चार’ असे सांगायला चार सेकंद अधिक लागतात, आणि रुग्णाला १०८ च्या गाडीतून पुढे पाठवायचे की नाही याचा निर्णय पुष्कळदा त्या हालचालीच्या आकड्यावर अवलंबून असतो.

दुसरी आणि अधिक गंभीर उणीव म्हणजे ‘तपासता येत नाही’ अशी नोंद करण्याची जागाच पत्रकात नाही. घशात नळी असलेला रुग्ण बोलू शकत नाही, चेहऱ्याला मार लागून पापण्या सुजलेल्या रुग्णाला डोळे उघडता येत नाहीत. पण पत्रकात सर्वांत खालचा कप्पा १ चा असल्यामुळे परिचारिका तेथेच ठिपका देते. व्हेंटिलेटरवरचा एखादा रुग्ण आपणहून डोळे उघडतो, सांगितले की बोटे पकडतो आणि सोडतो, म्हणजे डोळे ४ आणि हालचाल ६, आणि तरीही बोलण्याचा १ मिळवून तो ११ वर अडकतो. कागदावर मध्यम गंभीर दिसणारा हा माणूस प्रत्यक्षात पूर्ण शुद्धीत असू शकतो. २०१४ मध्ये या स्केलला चाळीस वर्षे झाली तेव्हा त्याच्या कर्त्यांनीच सुधारित मांडणी केली आणि अशा वेळी आकडा न देता ‘तपासता आले नाही’ असे लिहावे व बेरीज करू नये, असे स्पष्ट केले. संच त्यानंतर छापलेला असूनही ही सुधारणा त्यात आलेली नाही. आमच्याकडे तूर्त बोलण्याच्या पट्ट्याखाली हाताने एक रेघ वाढवून तेथे ‘नळी’ किंवा ‘सूज’ असे लिहिले जाते.

भिंतीवरचा तक्ता रंगीत आणि आकर्षक आहे, परंतु मी तो कोणत्याही वॉर्डात लावू देणार नाही. त्यातील पहिल्याच चित्रात छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासताना दाखवले आहे. ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते हे खरे. पण तिने त्वचेवर वळ उठतात, आणि छातीच्या मध्यभागी दाब दिल्यावर हात वर आला तर रुग्ण दाबाच्या जागेकडे पोहोचतो आहे की नुसता हात दुमडतो आहे हे ठरवणे कठीण होते. सुधारित पद्धतीनुसार आधी नुसते पाहावे, मग नेहमीच्या आवाजात आणि त्यानंतर मोठ्याने हाक मारावी, आणि मगच दाब द्यावा : प्रथम बोटाच्या टोकावर, त्यानंतर मानेजवळच्या खांद्याच्या स्नायूवर किंवा भुवईच्या हाडाच्या खाचेवर. दाब हळूहळू वाढवत जास्तीत जास्त दहा सेकंद द्यायचा असतो. भुवईवर दाब दिला की रुग्ण चेहरा वाकडा करून डोळे अधिकच मिटतो, म्हणून डोळ्यांचे गुण ठरवताना तेथे दाबू नये, आणि बोटावरच्या दाबाने पाठीच्या कण्याच्या पातळीवरूनही हात मागे खेचला जाऊ शकतो, म्हणून हालचालीचे गुण ठरवताना मान किंवा भुवईकडे जावे. खांद्यावर दाबल्यावर रुग्णाचा हात गळपट्टीच्या हाडाच्या वर आला तर पाच. एवढे एक वाक्य जरी तक्त्यावर असते, तरी दोन पाळ्यांच्या नोंदींतील निम्मी तफावत मिटली असती, असे माझे मत आहे.

हालचालीच्या चार आणि तीन गुणांमधील फरक दाखवणारी चित्रे तर एकमेकांसारखीच काढली आहेत. साध्या दुमडण्यात हात झटकन, दर वेळी थोड्या वेगळ्या रीतीने आणि अंगापासून दूर जातो; विकृत दुमडण्यात तो संथपणे, ठरावीक साच्यात छातीवर येतो, मनगट आत वळते, अंगठा मुठीत जातो आणि पाय ताठ होतो. स्थिर चित्रात संथपणा दाखवता येत नाही, तेव्हा तो शब्दांत लिहायला हवा होता. उलट, खिशातील कार्डावर हेच चार ओळींत नेमके लिहिले आहे; तक्ता आणि कार्ड निरनिराळ्या माणसांनी तयार केले असावेत.

आता ज्या पट्ट्याबद्दल मला सर्वांत अधिक लिहायचे आहे तो बोलण्याचा. संचाने प्रमाण मराठीत तीन प्रश्न छापले आहेत : आपले नाव काय, आपण सध्या कोणत्या रुग्णालयात आहात, आणि आज कोणता महिना व तारीख आहे. तिन्हींची उत्तरे बरोबर आली तर पाच गुण, गोंधळलेले बोलणे असेल तर चार, सुटे शब्द आले तर तीन. प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते कोणाला विचारले जाणार आहेत याचा विचार झालेला दिसत नाही. साक्री, शिरपूर, अमळनेर, चाळीसगाव येथून आलेला वयस्क माणूस घरी अहिराणी बोलतो. यावल-रावेरकडे लेवा बोली आहे, सातपुड्याच्या धडगाव-मोलगी भागातून येणाऱ्यांची पावरी किंवा भिली आहे आणि नवापूरकडे गुजराती मिसळते. डोक्याला मार लागलेला माणूस लहानपणच्या बोलीकडे वळतो, हा अनुभव आमच्या भागातल्या कोणत्याही जुन्या सिस्टरला विचारावा. त्याने दिलेले अहिराणी उत्तर विदर्भातून किंवा केरळातून आलेल्या नव्या परिचारिकेला कळत नाही, आणि ‘असंबद्ध बडबड’ या नावाखाली पाचाचे तीन होतात. पुढच्या पाळीत अहिराणी जाणणारी मुलगी येते, ‘बाबा, तुमनं नाव काय शे?’ असे विचारते, सरळ उत्तर मिळते, आणि पत्रकावर रुग्ण एका रात्रीत दोन पायऱ्या चढलेला दिसतो. रुग्ण तेथेच होता, बदलली ती विचारणारी.

तारखेचेही तसेच. शेतावर राहणाऱ्या माणसाला इंग्रजी तारीख निरोगी असतानाही सांगता येईलच असे नाही. पण ‘आखाजी होऊन आठवडा झाला’ किंवा ‘कानबाईचे रोट आत्ताच झाले’ असे खानदेशातल्या सणांवरून तो सांगत असेल आणि ते खरे असेल, तर त्याला काळाचे भान पूर्ण आहे आणि त्याचा एकही गुण कापण्याचे कारण नाही. रुग्णालयाच्या नावाबद्दलही हाच न्याय लावावा. चोपड्याहून बेशुद्धावस्थेत गाडीत घातलेल्या माणसाने शुद्धीवर आल्यावर ‘जळगावचा दवाखाना’ एवढे ओळखले तर ते पुरेसे आहे, दारावरची पाटी त्याने वाचलेली नाही. मी विद्यार्थिनींना सांगते की रुग्ण दाखल होताच त्याची घरची भाषा, ऐकू कमी येते का आणि अपघातापूर्वी त्याला तारीख-वार कळत होते का, हे सोबतच्या माणसाला विचारून पत्रकाच्या डोक्यावर लिहावे, आणि शक्य असेल तेव्हा त्या सोबत्यालाच प्रश्न विचारायला सांगून उत्तराचा अर्थ त्याच्याकडून समजून घ्यावा. या नोंदीसाठी पत्रकात कोरी जागा हवी होती. तेथे सध्या छापणाऱ्याची जाहिरात आहे.

टॉर्च आणि कार्डावरील डोळ्यांच्या बाहुल्यांची मापे उपयुक्त आहेत. कार्डाच्या कडेला एक ते आठ मिलिमीटरची काळी वर्तुळे छापलेली असल्यामुळे ‘बाहुली मोठी’ अशी मोघम नोंद टळते. २०१८ मध्ये टीसडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीएसच्या आकड्यातून प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या बाहुल्यांची संख्या वजा करण्याची पद्धत सुचवली, म्हणजे दोन्ही बाहुल्या प्रतिसाद देत नसतील तर दोन वजा. त्यामुळे आकडा एकपर्यंत खाली जाऊ शकतो. कार्डावर हे गणित दिले आहे, आणि त्याबद्दल छापणाऱ्याचे कौतुक करायला हवे.

पण खानदेशात बाहुल्यांची नोंद डोळे झाकून वाचता येत नाही. कपाशीवरच्या फवारणीत किंवा आत्महत्येच्या प्रयत्नात ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि उपचार म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू केले की त्या विस्फारतात; पहिल्या पाळीतील एक मिलिमीटर आणि दुसऱ्या पाळीतील सहा मिलिमीटर यांमध्ये मेंदू बिघडलेला नसतो, औषध लागू पडलेले असते. मण्यारच्या दंशात याहून मोठा चकवा आहे. हा साप पुष्कळदा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दंश दुखत नाही, पहाटे पोटात दुखू लागते, मग पापण्या खाली पडतात, बोलणे जाते, हातपाय लुळे पडतात आणि श्वासाचे स्नायूही थकतात. अशा रुग्णाचे डोळे उघडत नाहीत, तो बोलत नाही, हलत नाही आणि त्याच्या बाहुल्याही प्रकाशाला साथ देईनाशा होऊ शकतात. पत्रकावर तीन येतात आणि तरीही तो आजूबाजूचे सगळे ऐकत असू शकतो. व्हेंटिलेटरवर वेळेत ठेवले तर असे रुग्ण उठून घरी जातात. ‘स्नायू लुळे असतील तर हा आकडा शुद्धी दाखवत नाही’ अशी सूचना या भागात विकल्या जाणाऱ्या पत्रकावर लाल अक्षरांत असायला हवी होती. अशा खाटेशेजारी उभे राहून ‘याच्यात आता काही राहिले नाही’ असे बोलणाऱ्यांना मी बाहेर पाठवते.

याच कारणाने तक्त्यावरचे ‘आठ किंवा कमी : नळी टाका’ हे वाक्यही धोक्याचे आहे. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे डोक्याची दुखापत गंभीर, ही विभागणी मान्य आहे आणि अशा रुग्णाचा श्वासमार्ग सुरक्षित करण्याचा विचार तातडीने करावा हेही खरे. पण साखर उतरून निपचित पडलेला मधुमेही शिरेतून ग्लुकोज मिळताच काही मिनिटांत उठून बसतो. वैशाखात ४५ अंशांच्या उन्हात शेतात कोसळलेल्या मजुराचा ताप मोजून त्याला ताबडतोब थंड करणे हे पहिले काम असते. त्यामुळे पहिल्या जीसीएसच्या शेजारीच रक्तातील साखर आणि शरीराचे तापमान यांचे चौकोन हवेत. पॅडमध्ये तापमानाचा आहे, साखरेचा नाही. गुंगीच्या औषधांसाठी मात्र स्वतंत्र रकाना दिला आहे, आणि औषध चालू असताना घेतलेल्या आकड्याला किती महत्त्व द्यावे हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येते.

पत्रकाच्या पाठीमागे ‘फोर’ स्केल छापले आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २००५ साली तयार झालेल्या या मोजपट्टीत डोळे, हालचाल, मेंदूच्या देठाच्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि श्वसन अशा चार भागांना प्रत्येकी शून्य ते चार गुण आहेत. बोलण्याचा भाग नसल्यामुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी ती अधिक सोयीची आहे, आणि बोलू न शकता, सांगितल्याप्रमाणे नुसते डोळे हलवणाऱ्या रुग्णालाही तिच्यात जागा आहे. ज्या कक्षात व्हेंटिलेटर आहेत त्यांनी पॅड या मागच्या पानासाठी घेतले तरी पैसे वसूल होतील. साध्या वॉर्डात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘फोर’ वापरण्याचा आग्रह धरू नये. तेथे ‘रुग्ण जागा आहे’, ‘हाकेला ओ देतो’, ‘दाबाला प्रतिसाद देतो’, ‘काहीच प्रतिसाद देत नाही’, ही चार पायऱ्यांची पद्धत वेळेवर वापरली गेली तरी पुष्कळ.

लहान मुलांसाठी या संचात जवळजवळ काही नाही. दीड वर्षाच्या मुलाला महिना विचारता येत नाही. त्याचे हुंकार आणि बोबडे बोल पाच, चिडचिडे रडणे चार, दाबल्यावर रडणे तीन, कण्हणे दोन असे गुण धरावे लागतात. कार्डावर याचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे आणि ती ओळ इतक्या बारीक अक्षरांत आहे की रात्रीच्या दिव्यात वाचता येत नाही. बालरुग्ण विभागाने हा संच घेऊ नये.

नोंदी किती वेळाने घ्याव्यात याचे वेळापत्रक पॅडच्या मुखपृष्ठावर दिले आहे आणि ते ब्रिटनमधील डोक्याच्या दुखापतीच्या मार्गदर्शक तत्त्वांशी जुळते : पंधरा गुण होईपर्यंत दर अर्ध्या तासाने, त्यानंतर दोन तास तशीच अर्ध्या तासाने, पुढे चार तास दर तासाला आणि मग दर दोन तासांनी. एका परिचारिकेकडे किती खाटा असतात हे पाहिले तर आपल्याकडे ते कठीण आहे. तरी पहिले सहा तास कसोशीने पाळावेत, कारण बिघडणारा रुग्ण बहुधा त्याच काळात बिघडतो.

पॅडचा कागद जाड आहे, बॉलपेनची शाई मागच्या पानावर उतरत नाही. पॅड आणि कार्ड सुटे मिळतात, तक्ता आणि टॉर्च घेण्याची सक्ती नाही. दुकानदार सुरुवातीला संपूर्ण संचच पुढे करतो, पण स्पष्ट विचारल्यावर सुटे देतो. टॉर्चचा उजेड पहिल्या काही आठवड्यांनंतर पिवळा पडतो आणि पिवळ्या उजेडात मंद प्रतिसाद देणारी बाहुली मृतवत वाटते, म्हणून टॉर्च वेगळी, बटणसेलऐवजी पेन्सिल सेलवर चालणारी घ्यावी.